मृत्युपत्राचा एक्झिक्युटर कोणाला करायचं?

मृत्युपत्र करायला बसलं की फ्लॅट कोणाला, दागिने कोणाला, यावर महिनोन्महिने खल होतो. एक्झिक्युटर म्हणून मात्र थोरल्या मुलाचं नाव सहज लिहिलं जातं. तो थोरला आहे, नाव घातलं नाही तर त्याला वाईट वाटेल, एवढंच कारण. त्याला विचारलेलंही नसतं. पुढे थोरला टोरांटोला, फ्लॅट मुलुंडला आणि सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतोय, "मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष या."

तुमच्या मागे तुमचं मृत्युपत्र अमलात आणण्याचं काम ज्याच्यावर सोपवता, तो एक्झिक्युटर. कुटुंबातला मानाचा नारळ कोणाला द्यायचा, असा विचार करून हे नाव ठरवलं की चुकतंच. माझी कसोटी साधी आहे. हा माणूस वर्षभर कागदांच्या फायली घेऊन हिंडेल का? आणि भावंडं तापली तरी शांतपणे "कागदात असं लिहिलंय" एवढंच म्हणेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर नात्यानं तो कोण लागतो, हा प्रश्न मागे पडतो.

आधी काम काय असतं ते बघा

कामाचा अंदाज आला की निम्मी नावं आपोआप गळतात.

सुरुवात महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यापासून होते. तो एका प्रतीवर भागत नाही, प्रत्येक बँक आणि प्रत्येक फंड हाऊस आपापली प्रत मागतं. मग मूळ मृत्युपत्र ताब्यात घ्यायचं आणि मालमत्तेची यादी करायची: सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, एफडी, पीपीएफ, डीमॅट, म्युच्युअल फंड, गावाकडचा सातबारा, लॉकर. कोणाकडून येणं आहे आणि कोणाचं देणं आहे, तेही शोधायचं. मयताचं राहिलेलं इन्कम टॅक्स रिटर्न भरायचं. वाटप होईपर्यंत एफडीवर व्याज आणि फ्लॅटचं भाडं येत राहतं, त्याचाही कर बघायचा.

वाटपाची पाळी त्यानंतर येते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं पैसे कोणत्या क्रमानं द्यायचे ते घालून दिलं आहे. अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणातला डॉक्टर-औषधाचा खर्च सगळ्यांत आधी. मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टाकडून शिक्क्यानिशी करून घेण्याचा, आणि कोर्टाचा बाकीचा खर्च. त्यानंतर घरकामाला असणाऱ्या माणसांचा मृत्यूपूर्वीच्या तीन महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार. मग बाकीची कर्जं. या सगळ्यातून उरेल ते मृत्युपत्राप्रमाणे वाटायचं. म्हणजे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींचा राहिलेला पगार धाकट्या मुलीच्या पाटल्यांच्या आधी येतो. हे घरातल्यांना ठामपणे सांगू शकणारा माणूस तुम्हाला शोधायचा आहे.

घाई करणाऱ्या नातेवाइकांसाठी कायद्यात एक उत्तर तयार आहे. मृत्यूपासून एक वर्ष होईपर्यंत वाटप केलंच पाहिजे, असं बंधन एक्झिक्युटरवर नसतं. तेराव्या दिवशी "आमचं कधी?" असं विचारणाऱ्या मेव्हण्याला हे कलम दाखवायला हरकत नाही.

प्रोबेट घेतलं असेल तर ते मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागतो. कोर्ट मुदत वाढवून देऊ शकतं, पण हिशेब कोणालाच चुकत नाही.

"नॉमिनेशन केलंय की!"

मुंबईत हे वाक्य हमखास ऐकू येतं. नॉमिनी आणि एक्झिक्युटर यांची कामं वेगळी. नॉमिनीकडे बँक किंवा सोसायटी तात्पुरतं देऊन मोकळी होते. मालकी कोणाची, हे मृत्युपत्रावरून किंवा वारसा कायद्यावरून ठरतं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं, आणि तो वाद होता कालनिर्णयकार जयंत साळगांवकर यांच्या मालमत्तेचा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त प्रोव्हिजनल मेंबर म्हणून घेतला जातो. तेव्हा नॉमिनेशन भरलेलं असू द्या, पण एक्झिक्युटरचा विचार त्यामुळे टळत नाही.

मुंबई आणि प्रोबेट

मुंबईत एक्झिक्युटर म्हटलं की डोळ्यांपुढे फोर्टातलं उच्च न्यायालय उभं राहतं, त्याला कारण आहे. हिंदू, जैन, शीख, बौद्ध आणि पारशी यांनी मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या घरा-जमिनीच्या मृत्युपत्रांना उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मुळे प्रोबेटची सक्ती होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं ते कलम वगळलं. सक्ती गेली, पण प्रोबेट घेण्याची सोय राहिली आहे. दोन वारसांत वाद दिसला की सोसायटीची कमिटी अजूनही "कोर्टातून आणा" म्हणणार, हे धरून चाला. त्यात कमिटीला सगळा दोष देता येत नाही, उद्या खटल्यात तिलाही ओढतात.

प्रोबेट एक्झिक्युटरलाच मिळतं. तो उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी विभागात अर्ज करतो, मूळ मृत्युपत्र जमा करतो आणि मालमत्तेची व देण्यांची परिशिष्टं जोडतो. सोबत साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. वारसांची संमती मिळाली तर ती लावतो, नाही तर त्यांना नोटीस जाते. एखाद्यानं कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षं मोजायची.

मृत्युपत्रात एक्झिक्युटरच नेमला नसेल तर? मृत्युपत्र बाद होत नाही. पण कोर्टात जायची वेळ आली तर प्रोबेटऐवजी 'लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन', म्हणजे मालमत्तेचा कारभार बघण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, मागावं लागतं आणि ते घेणाऱ्याला बाँड लिहून द्यावा लागतो. जामीन राहायला माणूस शोधणं मुंबईत सोपं नाही. एका ओळीत एक नाव लिहिलं असतं तर हे टळलं असतं.

कोणाला नेमता येतं

कायद्याची अट मोजकी आहे: माणूस सज्ञान हवा, म्हणजे अठरा पूर्ण, आणि मनानं धड. बायको, मुलगी, सून, मित्र, वकील, सीए, कोणीही चालतं. ज्याला मालमत्ता मिळणार आहे तोसुद्धा एक्झिक्युटर होऊ शकतो. याबद्दल लोकांचा उगाच गैरसमज असतो. नवऱ्यानं बायकोला सगळं देऊन तिलाच एक्झिक्युटर करणं यात काहीच वावगं नाही. एक्झिक्युटर साक्षीदारही होऊ शकतो, पण ते टाळा. कोर्टात अर्जदार म्हणून तोच आणि सही पाहिल्याची शपथ घेणाराही तोच, अशी वेळ कशाला आणायची? दोन साक्षीदार वेगळे, तुमच्याहून तरुण आणि पत्ता लागेल असे घ्या.

मुस्लिम कुटुंबांत हे काम करणाऱ्याला वसी म्हणतात. मृत्युपत्रानं किती आणि कोणाला देता येतं, याचे नियम तिथे वेगळे आहेत, पण माणूस निवडण्याबद्दल इथे जे लिहिलंय ते तसंच्या तसं लागू पडतं.

आता माझं मत. वय हा पहिला मुद्दा. आपल्या वयाचा मित्र कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला पंच्याऐंशीव्या वर्षी चर्चगेटची लोकल पकडायला लावू नका. तुमच्याहून निदान पंधरा वर्षांनी लहान माणूस बघा.

दुसरा मुद्दा राहण्याचं ठिकाण. परदेशातल्या मुलाला नेमायला कायद्याची आडकाठी नाही, पण प्रत्येक प्रतिज्ञापत्रासाठी त्याला वकिलातीची किंवा तिथल्या नोटरीची वाट धरावी लागेल, आणि बँकेचा ओटीपी तुमच्या इथल्या सिमवर येत राहील. पुणे, नाशिक चालेल. डोंबिवली तर उत्तमच, लोकलनं दुपारपर्यंत कोर्टातलं काम उरकून परत जाता येतं. मुलांपैकी एक इथे आणि एक बाहेर असेल, तर इथल्याला एक्झिक्युटर करा आणि बाहेरच्याला त्यामागचं कारण तुमच्या तोंडून सांगा. मृत्युपत्र उघडल्यावर कळलं की माणसं भलतेच अर्थ काढतात.

तिसरा मुद्दा हितसंबंधांचा, आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते. तुमचा फ्लॅट स्वस्तात घ्यायची ज्याची इच्छा आहे, तुमच्याकडून ज्यानं पैसे उसने घेतले आहेत, तुमच्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरच्या बाजूनं जो बोलतो, तो कितीही हुशार असला तरी नको. रिडेव्हलपमेंट चालू असताना मालक गेला तर बिल्डरकडून येणारं भाडं कोणाच्या खात्यात जाणार, नव्या फ्लॅटच्या करारावर सही कोण करणार, वाढीव जागेचे पैसे कशातून द्यायचे, हे सगळं एक्झिक्युटरच्या गळ्यात पडतं. तिथे मऊ माणूस टिकत नाही, आणि दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा तर नकोच नको.

चौथं, पैशाचा हिशेब. ज्याच्या स्वतःच्या घरात पावत्या सापडत नाहीत, त्याच्या हाती तुमच्या पावत्या देऊ नका. सोसायटीची खजिनदारकी कटकट न करता सांभाळलेली एखादी बाई तुमच्या नात्यात असेल, तर मी डोळे झाकून तिचं नाव लिहीन.

वकील किंवा सीएला नेमायचं का? भावंडांत आधीच बोलणं बंद असेल तर जरूर. त्रयस्थ माणसावर "तू आईचा लाडका" असा आरोप होत नाही. फी आधी ठरवा आणि मृत्युपत्रात लिहा. बँकांच्या ट्रस्टी कंपन्याही हे काम घेतात, पण एक फ्लॅट आणि चार एफडी एवढाच पसारा असेल तर त्या वाटेला जाऊ नका, फीच जड होईल.

विचारा, आणि नीट विचारा

एक्झिक्युटर म्हणून नाव घातलं तरी त्या माणसाला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. तुमच्या मागे तो लेखी नकार देऊन मोकळा होऊ शकतो. एकदा कामाला हात घातला की मात्र मधूनच सोडून जाता येत नाही. म्हणून विचारायचं आधी, आणि तेही लग्नाच्या पंगतीत नव्हे. समजा, मुलुंडची मावशी डोंबिवलीच्या भाच्याला विचारते आहे:

"अरे, मी विल करतेय. एक्झिक्युटर म्हणून तुझं नाव घालू का?"

"मावशी, घाल की. पण म्हणजे मला करायचं काय?"

"कागद गोळा करायचे, देणी फेडायची आणि मी लिहिलंय तसं वाटून टाकायचं. फ्लॅट दोघी मुलींना अर्धा-अर्धा."

"ताई आणि माईचं पटत नाही. एकीला विकायचा असेल आणि दुसरीला नसेल तर?"

"विकायचा आणि पैसे वाटायचे, असं लिहिते."

"लिहीच. आणि तुझं काही कर्ज निघालं तर ते माझ्या बोकांडी?"

"नाही रे. माझ्या पैशातून जेवढं फिटेल तेवढंच."

या भाच्यानं दोन मिनिटांत मृत्युपत्रातलं भोक दाखवून दिलं. असे प्रश्न विचारणारा माणूसच पाहिजे. "हो हो, बघू तेव्हा" म्हणणाऱ्यापासून सावध राहा. मावशीचं उत्तरही बरोबर आहे: देणी मयताच्या मालमत्तेतून फेडायची, एक्झिक्युटरच्या खिशातून नव्हे. पण त्यानं पैसे भलतीकडे वळवले किंवा हलगर्जीनं नुकसान केलं, तर ते मात्र त्याला भरून द्यावं लागतं. हेही त्याला आधीच सांगून ठेवा.

एक की दोन?

एक, आणि त्याच्या मागे एक पर्यायी. माझ्या मते बहुतेक घरांना हेच पुरतं. पर्यायी नाव सगळे विसरतात. पहिला तुमच्या आधी गेला किंवा त्यानं नकार दिला, की मृत्युपत्र एक्झिक्युटरविना उरतं.

दोघांना एकत्र नेमायचंच असेल तर दोघांनी मिळूनच सही करायची की कोणीही एकानं केली तरी चालेल, ते लिहा. काही लिहिलं नाही तर, प्रोबेट घेतलेल्यांपैकी कोणीही एकटा काम करू शकतो, असं कायदा धरतो. "दोन्ही मुलांना बरं वाटावं" म्हणून भांडणाऱ्या दोघांना एकत्र नेमणं म्हणजे प्रत्येक चेक अडकवून ठेवणं.

कलम कसं लिहायचं

मराठीत लिहिलेलं मृत्युपत्र पूर्ण चालतं. स्टॅम्प ड्युटी लागत नाही. नमुन्यादाखल:

"या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझा भाचा श्री. ______, वय ____, राहणार ______, यांस एक्झिक्युटर नेमत आहे. ते माझ्या आधी वारल्यास, त्यांनी हे काम स्वीकारण्यास नकार दिल्यास किंवा ते करण्यास असमर्थ ठरल्यास माझी पुतणी श्रीमती ______, राहणार ______, यांस एक्झिक्युटर नेमत आहे. माझी देणी फेडण्यासाठी व वाटप करण्यासाठी माझी स्थावर व जंगम मिळकत विकण्याचा, बँक व डीमॅट खाती बंद करण्याचा, तसेच सोसायटी, बिल्डर व सरकारी कार्यालये यांच्याकडे माझ्या मिळकतीसंबंधी सह्या करण्याचा अधिकार एक्झिक्युटर यांस राहील. त्यांना आलेला सर्व वाजवी खर्च माझ्या मिळकतीतून द्यावा व कामाचा मोबदला म्हणून रु. ______ द्यावेत."

नाव आधार कार्डावर आहे तसंच घाला. "आमचा बाळू" असं लिहिलेलं कोर्टात सिद्ध करत बसावं लागतं.

इथे एक बारीक गोष्ट. एक्झिक्युटरलाच तुम्ही मृत्युपत्रात काही दिलं असेल, तर ते काम करायची तयारी त्यानं दाखवल्याशिवाय ते त्याला मिळत नाही, असा उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४१ चा नियम आहे. भाच्याला दोन लाख केवळ मायेनं द्यायचे असतील, तर "त्यांनी एक्झिक्युटर म्हणून काम केलं वा न केलं तरी" असे शब्द घाला.

पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानं हव्या त्या माणसाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच सांगितलं आहे. तो कोणाकडे जातो, हे भाडे नियंत्रण कायदा ठरवतो, आणि त्यात भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांचा विचार आधी होतो. गिरगाव-परळच्या कितीतरी मृत्युपत्रांत खोली मात्र थाटात वाटलेली असते. तसं लिहून एक्झिक्युटरला घरमालकाच्या दारात उभं करू नका.

सही झाल्यावर

मूळ मृत्युपत्र कुठे आहे हे एक्झिक्युटरला माहीत हवं. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंत आणि लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, तर लॉकर उघडायला मृत्युपत्र मागतील आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये! घरातल्या कपाटात ठेवा, वकिलाकडे ठेवा, पण सांगून ठेवा. नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलंत तर एक फायदा आहे: तुमच्या हयातीत त्याची नक्कल फक्त तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्याराला मिळते, आणि तुमच्या मागे अर्ज करणाऱ्या कोणालाही. मूळ प्रत गहाळ झाली तरी मागमूस राहतो.

मृत्युपत्रासोबत एका कागदावर खाती, फोलिओ, पॉलिसी, सोसायटीचा सर्टिफिकेट नंबर, सीएचा फोन आणि कोणाला किती उसने दिलेत, हे लिहा. दर दिवाळीत तो कागद बदला. पासवर्ड मात्र मृत्युपत्रात लिहू नका, तो कागद पुढे दहा हातांत फिरतो. तुमचा मोबाइल नंबर काही महिने चालू ठेवा, असं एक्झिक्युटरला आत्ताच सांगा, कारण बरेचसे ओटीपी त्यावरच येणार आहेत.

एक्झिक्युटर परदेशी गेला, आजारी पडला, त्याच्याशी फाटलं, तर नाव बदला. फक्त जुन्या कागदावर पेनानं खाडाखोड करून वर दुसरं नाव लिहू नका. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्याशिवाय तसा बदल धरला जात नाही. एवढाच बदल असेल तर कोडिसिल, म्हणजे पुरवणी, करा. तिलाही दोन साक्षीदार लागतात. बदल बरेच असतील तर सरळ नवीन मृत्युपत्र करा, त्यात आधीचं रद्द केल्याचं लिहा, आणि ज्याचं नाव काढलंत त्याच्याकडे जुनी झेरॉक्स असेल तर ती परत मागून घ्या.